रात्री दोनला फोन गप्प का राहिला? लालबागच्या एका घरातलं सीजीएम-अलर्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे घर लालबागच्या एका चाळीतलं. घरात दोघंच, अडुसष्ट वर्षांचे निवृत्त गृहस्थ आणि त्यांची पत्नी. मुलगी लग्न होऊन बोरिवलीला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि तिघांना इथे काका, काकू आणि मुलगी एवढंच म्हटलं आहे. मी डायबेटिस एज्युकेटर म्हणून काम करते. काकांच्या डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं ते सीजीएमच्या, म्हणजे अंगावर राहून सतत शुगर मोजणाऱ्या यंत्राच्या, फोनमधल्या सेटिंगसाठी. पण पुढच्या काही महिन्यांत आमचं बोलणं सेटिंगपेक्षा घरातल्या माणसांबद्दलच जास्त झालं.

काकांच्या मधुमेहाला वीस वर्षं उलटून गेली आहेत. आधी गोळ्या, मग गोळ्या आणि इन्सुलिन, आणि त्या वेळी सकाळ-संध्याकाळ ३०/७० मिक्स इन्सुलिन, म्हणजे लवकर आणि हळू चालणारं एकत्र. हृदयाच्या त्रासानंतर बीटा-ब्लॉकरची, म्हणजे हृदयाचे ठोके आवरणारी, गोळीही सुरू होती. या दोन गोष्टी एकत्र आल्या की रात्र धोक्याची होते. शुगर उतरली की एरवी हात थरथरतात, छाती धडधडते, माणूस जागा होतो. जुन्या मधुमेहात शरीराची ही हाक हळूहळू बोथट होत जाते, आणि उरलीसुरली हाक बीटा-ब्लॉकर झाकून टाकतो. घाम तेवढा येतो. पण मुंबईत एप्रिल-मेच्या रात्री कुणी घामाने भिजलं तर ‘उकडतंय’ म्हणून सगळे पंखा वाढवतात.

एप्रिलमध्ये तेच झालं. चाळीत पहाटे पाणी येतं, म्हणून काकू साडेचारला उठतात. त्या उठल्या तेव्हा काकांची गंजी पिळून काढावी इतकी ओली होती आणि ते असंबद्ध बोलत होते. बोट टोचून शुगर बघायच्या मीटरवर ४१ (एमजी/डीएल) आलं. साखरपाणी पाजल्यावर ते शुद्धीवर आले, पण घाबरून मग पेढा, केळं, दूध असं एकामागून एक दिलं गेलं आणि सकाळी नऊला शुगर तीनशेच्या वर गेली. डॉक्टरांनी सीजीएम सुचवलं. दंडावर चिकटवायचा सेन्सर, त्वचेखाली केसासारखी बारीक तार, दर काही मिनिटांनी फोनवर रीडिंग, आणि शुगर ठरलेल्या रेषेखाली गेली की गजर. सेन्सरचा खर्च परवडेल का, यावर घरात बरीच चर्चा झाली. मुलीने तो स्वतःवर घेतला आणि एका रविवारी येऊन सगळं लावून दिलं.

अडचण

पहिल्याच आठवड्यात फोन दिवसभर वाजू लागला. अ‍ॅपमध्ये खालची रेषा ७० आणि वरची १८० ठेवली होती. मुलीने ‘नॉर्मल किती’ हे बघून ते आकडे भरले होते, त्यात तिची चूक काढण्यासारखं काही नाही. पण वीस वर्षांचा मधुमेह आणि इन्सुलिन असलेल्या माणसाची शुगर जेवल्यावर १८० ओलांडणारच. दुपारी वाजे, संध्याकाळी वाजे. तेवढ्यात बोरिवलीहून फोन येई, ‘‘बाबा, काय खाल्लंत?’’ त्यात हापूसचा हंगाम. काका नाक्यावर मित्रांकडे जाताना फोन घरी ठेवून जाऊ लागले.

मे महिन्यात एका सकाळी काकूंनी आलेख पाहिला. रात्री सव्वाएकपासून रेषा खाली सरकत गेलेली, दोनच्या सुमाराला ५४ च्या खाली, आणि साडेचारपर्यंत तिथेच. फोन वाजलाच नव्हता. त्या दिवशी काका आपणहून सावरले, पण दुपारपर्यंत डोकं जड होतं आणि जिना उतरताना पाय अडखळला. काकूंचा यंत्रावरचा विश्वास उडाला. त्यांचं म्हणणं साधं होतं: फोनला रात्रभर सगळं दिसत होतं, तरी तो गप्प बसला.

या एका वाक्याचा उलगडा आधी करावा लागला. बऱ्याच सेन्सरमध्ये काही तासांची रीडिंग सेन्सरमध्येच साठतात. फोनशी जोड तुटली आणि पहाटे पुन्हा जुळली, की मधली रीडिंग मागाहून येऊन आलेख भरून निघतो. सकाळी अखंड दिसणारी रेषा म्हणजे फोन रात्रभर जोडलेला होता याचा पुरावा नाही. काकूंना हे पटल्यावर प्रश्न बदलला. फोनला कळूनही तो वाजला नाही, की त्याला कळलंच नाही? दोन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

पहिला निर्णय: आधी डोस, मग गजर

सेटिंगला हात लावण्याआधी मी डॉक्टरांना आलेख पाठवला. माझ्या मते या प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता. मिक्स इन्सुलिनमधला सत्तर टक्के भाग हळू चालणारा असतो. रात्री आठला टोचलं की त्याचा जोर मध्यरात्रीच्या पुढे येतो. काकांचं रात्रीचं जेवण अलीकडे अर्ध्या भाकरीवर आलं होतं, डोस मात्र दोन वर्षांपूर्वीचाच होता. गजर कितीही चोख लावला तरी तो रोज रात्री माणसाला खड्ड्याच्या काठावरून परत बोलावणार. खड्डा बुजवायचं काम डोसचं. डॉक्टरांनी त्याच दिवशी संध्याकाळचा डोस कमी केला, आणि पुढच्या भेटीत इन्सुलिनची योजनाच बदलू असं सांगितलं.

अनेक घरांत हे उलट होतं. रात्री वारंवार शुगर उतरते, घरचे वारंवार उठतात, साखर देतात, आणि सगळ्यांना वाटतं की यंत्र छान काम करतंय. ही माहिती डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही. लागोपाठ दोन रात्री गजर झाला तर तिसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन करायचा, असं आम्ही या घरात ठरवलं.

शोध: फोन का वाजला नाही

काकांचा फोन साधा अँड्रॉइड. अँड्रॉइडमध्ये नोटिफिकेशनचा इतिहास ठेवण्याची सोय आहे, पण ती आधी चालू करावी लागते. ती चालू करून दिली आणि काकूंना सांगितलं, की सकाळी आलेखात खड्डा दिसला तर फोनला हात लावण्याआधी मला फोटो पाठवा. खड्ड्याच्या वेळची नोंद इतिहासात असेल तर अलर्ट आला होता पण आवाज दाबला गेला. नोंदच नसेल तर अ‍ॅप झोपलं होतं किंवा सेन्सरशी जोड नव्हती.

चार वेगवेगळी कारणं सापडली.

पहिलं कारण काकांच्या एका चांगल्या सवयीत होतं. नातवाने त्यांना शिकवलं होतं, की झोपण्याआधी उघडी अ‍ॅप सगळी बंद केली तर बॅटरी टिकते. काका रोज रात्री न चुकता चौकोनी बटण दाबून ‘सगळं बंद करा’ करत. त्यात सीजीएमचं अ‍ॅपही बंद होई. पहाटे काकू वेळ बघायला फोन उघडत, अ‍ॅपवर बोट लावत, आणि आलेख भरून येई. मे महिन्यातल्या त्या रात्रीचा सगळ्यात पटणारा खुलासा हाच होता.

दुसरं, बॅटरी सेव्हर. बराच वेळ न वापरलेल्या अ‍ॅपना फोन स्वतःच झोपवतो. माणूस झोपलेला असताना सीजीएमचं अ‍ॅप कुणी उघडत नाही, म्हणजे नेमकी ज्या वेळी गरज असते त्याच वेळी फोन त्याला बिनकामाचं समजतो.

तिसरं, डू नॉट डिस्टर्ब. चाळीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत मेसेज येत, म्हणून मुलीनेच रात्री साडेदहा ते सकाळी सहा असं वेळापत्रक लावून दिलं होतं. सीजीएम लावण्याच्या कितीतरी आधी, त्यामुळे ते कुणाच्या लक्षातही नव्हतं. एका रात्री इतिहासात अलर्टची नोंद होती आणि आवाज नव्हता, तेव्हा हे उघड झालं.

चौथं मला नवीन नव्हतं, पण घरातल्यांना धक्का देणारं होतं. काका रात्री गळ्यात ब्लूटूथचा नेकबँड घालून नाट्यसंगीत ऐकत झोपतात. झोपेत तो निघून उशीखाली जातो, पण फोनशी जोडलेलाच राहतो. अलर्टचा आवाज उशीखालच्या त्या छोट्याशा स्पीकरमध्ये जात होता. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्मार्टफोनला जोडलेल्या मधुमेहाच्या उपकरणांबद्दल जी सूचना काढली, तिच्यात नेमक्या याच गोष्टी आहेत: नवीन हेडफोन किंवा गाडीचा ऑडिओ जोडल्यावर, फोनचं सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर, अ‍ॅप झोपल्यावर अलर्ट ऐकू येत नाहीत आणि त्यातून गंभीर इजा होऊ शकते. लालबागमधल्या एका खोलीत त्यातल्या बहुतेक गोष्टी एकत्र होत्या.

या चारांखेरीज एक कारण जागेचंही होतं. फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात असे, मध्ये लोखंडी कपाट. काका डाव्या कुशीवर झोपतात आणि सेन्सर डाव्याच दंडावर. ब्लूटूथचा टप्पा मोकळ्या जागेत काही मीटरचा असतो, मध्ये लोखंड आणि माणसाचं अंग आलं की तो आणखी आखडतो. जोड तुटली की सांगणारा अलर्ट अ‍ॅपमध्ये होता, पण ‘उगाच वाजतो’ म्हणून तो बंद केलेला होता. डाव्या कुशीची आणखी एक भानगड होती. सेन्सर अंगाखाली दाबला गेला की तिथला द्रवाचा पुरवठा कमी होतो आणि रीडिंग खोटंच खाली दिसतं. खऱ्या घसरणीत रेषा उतार धरून हळूहळू खाली जाते. दाबामुळे आलेला खड्डा अचानक पडतो आणि कूस बदलली की तसाच अचानक भरून येतो. मागचे आलेख त्या नजरेने पाहिले तेव्हा काही खड्डे या जातीचे निघाले.

समोरचे पर्याय

मुलीला वाटत होतं, आईबाबांना हे झेपणार नाही, अलर्ट सगळे आपल्या फोनवर घ्यावेत. तिचा जीव तुटत होता हे मला दिसत होतं. पण बोरिवलीहून लालबागला रात्री गाडीनेसुद्धा लगेच पोचता येत नाही. शिवाय दूरच्या माणसाला मिळणारा अलर्ट दोन्हीकडच्या इंटरनेटवर चालतो. काकांच्या फोनचा डेटा संपला, तिचा फोन सायलेंट राहिला, तर साखळी तुटते. खुद्द काकांच्या फोनवरच्या गजराला मात्र इंटरनेट लागत नाही, तो ब्लूटूथवर चालतो. म्हणून पहिला गजर घरातच वाजायला हवा, हे पक्कं झालं.

काही सीजीएमबरोबर वेगळं रीडर-यंत्र मिळतं. फोनच्या कटकटी टाळायच्या असतील तर ते उत्तम. पण काकांच्या सेन्सरचा अलर्ट एका वेळी एकाच यंत्रावर येणार होता. रीडर घेतला तर मुलीला काहीच दिसणार नव्हतं, आणि ती गोष्ट तिला मान्य नव्हती. घरातला जुना फोन फक्त गजरासाठी वापरावा, हाही विचार झाला. जुन्या फोनवर नवीन अ‍ॅप नीट चालेल की नाही हे उत्पादकाच्या यादीत बघावं लागतं, आणि तो फोन यादीत नव्हता. तिथेच तो पर्याय सोडला.

काकूंचा पर्याय सगळ्यांत जुना होता. सेन्सर काढून टाका, मी रात्री दोनला गजर लावून उठते आणि बोट टोचून बघते. मी त्यांना तो सोडून द्या असं म्हटलं नाही. डोस बदलल्यानंतरच्या पहिल्या काही रात्री त्यांनी तसं केलंही, आणि सेन्सरची रीडिंग मीटरशी जुळतात हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. त्यांचा गेलेला विश्वास माझ्या बोलण्याने परत आला नसता.

काय केलं

फोन काकांचाच ठेवला, पण रात्रीची त्याची जागा बदलली. काकांच्या उशाशी, उजव्या बाजूला एक लाकडी स्टूल, एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर फोन. पुढचा सेन्सर उजव्या दंडावर, आणि तो सकाळी लावायचा. पहिल्या दिवशी बऱ्याच सेन्सरची रीडिंग डळमळीत असतात, ते डळमळणं रात्री नको. घामाने कडा सुटतात म्हणून आंघोळीनंतर दंड पूर्ण कोरडा करून वर जास्तीचा चिकट पॅच.

फोनमध्ये अ‍ॅपसाठी बॅटरीचं बंधन काढलं, ‘झोपवू नये’ अशा यादीत ते टाकलं, आणि उघड्या अ‍ॅपच्या पडद्यावर त्याला कुलूप लावलं, म्हणजे काकांची सवय मोडायला नको. ते आजही रात्री सगळं बंद करतात, सीजीएमचं अ‍ॅप तेवढं राहतं. डू नॉट डिस्टर्बचं वेळापत्रक ठेवलं, ग्रुपचा त्रास खरा होता. त्यातून सीजीएमचे अलर्ट आणि मुलीचा फोन वगळले. फोनचं आपोआप होणारं सिस्टिम अपडेट बंद केलं. अपडेट मुलगी आली की दिवसा, अ‍ॅपच्या उत्पादकाची यादी बघून करायचं. नेकबँडचा प्रश्न काकांनी स्वतःच सोडवला. कपाटातला जुना रेडिओ बाहेर आला.

रेषा कुठे आखायच्या यावर मात्र खूप वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. ज्येष्ठ आणि जोखमीच्या रुग्णांसाठी सीजीएमबद्दलच्या तज्ज्ञांच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीत लक्ष्यं सैल आहेत: ७० ते १८० च्या पट्ट्यात निम्म्याहून जास्त वेळ, २५० च्या वर दहा टक्क्यांपेक्षा कमी, आणि ७० च्या खाली एक टक्क्यापेक्षाही कमी. हा शेवटचा आकडा दिवसाला सुमारे पंधरा मिनिटांचा होतो. म्हणजे या वयात १८० ओलांडणं हा गजर वाजवण्याचा प्रसंगच नाही, आणि ७० च्या खाली जाणं हा जवळजवळ कधीच घडू नये असा. मुलीने लावलेल्या रेषांमध्ये दोन्ही गोष्टींचं वजन सारखं होतं. वरच्या गजराने सगळ्यांचे कान किटले आणि खालचा गजर त्यात हरवला. डॉक्टरांच्या संमतीने वरचा अलर्ट सुरुवातीला पूर्ण बंद केला, नंतर ३०० वर ठेवला. खालची रेषा ७० ऐवजी ८० केली. सेन्सर रक्तातली नव्हे तर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, आणि शुगर झपाट्याने उतरत असताना तो रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. काकांना शरीर हाक देत नाही, म्हणून त्यांना ही काही मिनिटं आधीच हवी होती. ८० ला खोटे गजर थोडे वाढतील हे काकूंना आधी सांगितलं आणि त्यांचा होकार घेतला. रात्री उठायचं त्यांनाच होतं. जोड तुटल्याचा अलर्टही पुन्हा चालू केला.

आवाज निवडताना एक गोष्ट काकूंमुळे कळली. अ‍ॅपचा मूळ सूर त्यांच्या पाण्याच्या गजरासारखा होता. अर्धवट झोपेत त्यांना वाटे, पाणी आलं, आणि हात आपोआप फोन बंद करायला जाई. वेगळा, चढता आणि कर्कश सूर लावला. आणि ठरवलं, की साखरेची बाटली हातात येईपर्यंत पडद्यावरचं बटण दाबायचं नाही.

मग त्या बाटलीचं. स्टुलावरच झाकणाच्या डब्यात तीन सपाट चमचे साखर घातलेली छोटी बाटली, शेजारी पाणी, मीटर आणि पट्ट्या. गजर झाला की दिवा लावायचा, काकांना बोलतं करायचं, बोट टोचायचं. मीटर ७० च्या खाली असेल किंवा काका नीट बोलत नसतील तर साखरपाणी, आणि पंधरा मिनिटं थांबून पुन्हा बोट टोचायचं. पुन्हा बोटच, कारण सेन्सर मागे असतो. रक्तातली साखर चढली तरी तो काही वेळ ‘खाली’च दाखवतो, आणि मग घाबरून पेढा, केळं, दूध असं एप्रिलमधलं सत्र सुरू होतं. लाडू, बिस्कीट, चॉकलेट आधी नाही, त्यातल्या तुपातेलाने साखर सावकाश चढते. बेशुद्ध असतील किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. हा कागद मोठ्या अक्षरात कपाटावर चिकटवला आहे. शेजारच्या वहिनींनाही तो वाचून दाखवला. काकूंच्या पाठोपाठ दाराशी पोचणारं माणूस बोरिवलीत नाही, भिंतीपलीकडे आहे.

मुलीचा अलर्ट

हा निर्णय सगळ्यात नाजूक होता. काका फोन घरी ठेवून बाहेर जात होते, म्हणजे दिवसाचा पहाराही निम्मा बंद होता, आणि त्याला कारण तंत्रज्ञान नव्हतं. शुगर १९० झाली की मुलीचा फोन येई, आणि तो काळजीचा असला तरी काकांच्या कानाला तो झाडाझडतीसारखा लागे. तिघांना एकत्र बसवलं. काका तिला म्हणाले, ‘‘तू डॉक्टरसारखी विचारतेस, मुलीसारखी विचार.’’ ती गप्प झाली.

शेवटी ठरलं ते असं. तिच्या फोनवर वरचे अलर्ट पूर्ण बंद. खालचा अलर्ट ५५ ला, म्हणजे घरच्या ८० च्या गजराने काम झालं नाही तरच. आणि बराच वेळ माहिती आली नाही तर तो एक. अलर्ट आला की ती आधी काकूंना फोन करेल, काकूंनी उचलला नाही तर वहिनींना. जेवणाबद्दल आपणहून विचारायचं नाही, महिन्याचा अहवाल काका स्वतः तिला दाखवतील. त्यानंतर काकांच्या सदऱ्याच्या खिशात फोन पुन्हा दिसू लागला.

चाचणी

सेटिंग करून निघून गेलं की झालं, असं होत नाही. गजर प्रत्यक्ष वाजवून बघावा लागतो. त्यासाठी शुगर उतरण्याची वाट बघायची नसते. जेवणाआधी रीडिंग १०० च्या आसपास असताना अ‍ॅप परवानगी देईल तितकी खालची रेषा वर चढवायची, गजर ऐकायचा, आणि लगेच रेषा मूळ जागी आणायची. आम्ही हे रात्रीच्या परिस्थितीत केलं: फोन स्टुलावर, डू नॉट डिस्टर्ब चालू, पंखा पूर्ण वेगात, काकू त्यांच्या नेहमीच्या अंथरुणावर. वरच्या रेषेने चाचणी घेणं सोपं असतं, पण खालच्या आणि वरच्या अलर्टची आवाजाची सेटिंग वेगवेगळी असतात, त्यामुळे एकाने दुसऱ्याची खात्री होत नाही. काकू आता ही चाचणी महिन्यातून एकदा आणि फोनमध्ये काहीही बदल झाला की स्वतः करतात.

निष्पत्ती

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी रात्रीचं मिक्स बंद करून दिवसातून एकदा घ्यायचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन आणि जेवणाच्या वेळचा छोटा डोस अशी योजना केली. त्यानंतर ७० च्या खालचा वेळ एक टक्क्याच्या आसपास आला. रात्रीचे गजर क्वचित होतात. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीए१सी किंचित वाढलं, आणि डॉक्टरांना ते मान्य आहे.

गजराची खरी कसोटी एका संकष्टीला लागली. चंद्रोदय उशिराचा, आणि काकांनी रोजच्या सवयीने आठलाच जेवणाचं इन्सुलिन टोचलं. नऊच्या सुमाराला फोन वाजला. मीटरवर ६६. उपास सोडल्याशिवाय काही घेणार नाही, असं काकांनी म्हणायच्या आतच काकूंनी बाटली पुढे केली. साखरपाणी उपासाला चालतं, हे आधीच बोलून ठेवलं होतं. पंधरा मिनिटांनी मीटर ९० च्या वर. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून नियम लिहिला: संकष्टीला जेवणाचं इन्सुलिन पान वाढल्यावरच.

गणपतीत वेगळी तयारी लागली. लालबागला त्या दिवसांत रात्रभर रस्ता जागा असतो, ताशा आणि स्पीकरपुढे फोनचा आवाज टिकत नाही. म्हणून फोन थरथरण्यावर आणि खिशात, रात्री काकूंच्या उशीखाली. दर्शनाच्या गर्दीत काका गेले तेव्हा सोबत पुतण्या होता आणि त्याच्या खिशात साखरेची पुडी.

पुन्हा करायचं झालं तर

सेन्सर लावून देतानाच घरच्यांना विचारायला हवं: रात्री कोण उठणार, फोन कुठे असतो, झोपताना कानाशी काय असतं, फोनला रात्री शांत ठेवणारं काही आधीपासून लावलेलं आहे का. या चार प्रश्नांना दहा मिनिटं पुरतात, आणि मे महिन्यातली ती रात्र बहुधा टळली असती. पहिले दोन आठवडे फक्त खालचा अलर्ट चालू ठेवून बाकी सगळे बंद ठेवणं हेही सुरुवातीपासून करण्यासारखं आहे. घरच्यांचा एकाच आवाजावर विश्वास बसला की मग दुसरा द्यावा.

खालची रेषा ८० ठेवण्याबद्दल दुमत होऊ शकतं. एकटं राहणाऱ्या, कामावर जाणाऱ्या तरुण रुग्णाला ती त्रासदायक होईल. इथे ती टिकली कारण इन्सुलिनची योजना सुधारल्यामुळे रात्रीची शुगर तिच्या बरीच वर राहू लागली. तसं झालं नसतं तर काकू महिन्याभरात पुन्हा आवाज बंद करून बसल्या असत्या, आणि त्यांना दोष देता आला नसता.

एक प्रश्न अजून अर्धाच सुटला आहे. काकू वर्षातून दोनदा कोकणात गावी जातात. त्या दिवसांत मुलगी लालबागला येऊन राहते, किंवा तिला सुट्टी नसेल तर काका बोरिवलीला जातात. पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या खोलीत फोनची जागा, चार्जरचा प्लग आणि जावयाच्या झोपेच्या पक्केपणाची चौकशी काकूंनी फोनवरून केली, आणि गजराची चाचणी त्याच रात्री पुन्हा घेतली गेली.